तिचे वय ५६ का आहे

या वेळचे पत्र एका नव्या पटकथाकाराचे आहे. नोकरी सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी लिहीत, तीन वर्षांत त्यांनी १४८ पानांची पटकथा पूर्ण केली. गोष्ट न्यायालयात टंकलेखक असलेल्या ५६ वर्षांच्या एका स्त्रीची आहे. २२ वर्षांपूर्वी एका खुनाच्या खटल्यात साक्षीदार ‘त्याच्यासारखा दिसत होता’ असे म्हणाला आणि तिच्या यंत्रातून कागदावर ‘तोच होता’ असे उमटले. दिवस संपत आला होता, साक्ष घाईघाईत वाचून दाखवली गेली, साक्षीदाराने अंगठा उठवला आणि आरोपीला जन्मठेप झाली. चूक आपल्या हातून झाली हे तिला दुसऱ्याच दिवशी कळले होते. ती गप्प राहिली. आता तो माणूस सुटून आला आहे.

एका निर्मात्याला ही गोष्ट आवडली आहे, मात्र पैसे उभे करण्यापूर्वी त्याने पाच बदल मागितले आहेत: नायिका ३२ वर्षांची असावी, तिचे एका तरुण वकिलाशी प्रेम जुळावे, सुटून आलेल्या माणसाने सूड घेण्याचा प्रयत्न करावा, पटकथा ११० पानांच्या आत यावी, आणि शेवट आनंदाचा असावा. ‘हे सगळे केले तर गोष्ट माझी राहणार नाही आणि नाही केले तर ती माझ्या कपाटाबाहेर पडणार नाही,’ असे लिहून त्यांनी विचारले आहे, की लेखकाने नेमके कुठे थांबावे. पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे.

स. न.

तुमचे पत्र, कथेचा सारांश आणि सोबत पाठवलेली पहिली चाळीस पाने मी दोनदा वाचली. एकदा तुमच्या बाजूने आणि एकदा निर्मात्याच्या खुर्चीत बसून. दोन्ही वेळा गोष्ट मनात राहिली. तुमच्याकडे सांगण्यासारखे काही आहे की नाही, ही शंका मनातून काढून टाका आणि मगच पुढचे वाचा, कारण पुढे मी अनेक ठिकाणी तुमच्या विरुद्ध आणि निर्मात्याच्या बाजूने बोलणार आहे.

पत्रात तुम्ही निर्मात्यासाठी ‘व्यापारी’ हा शब्द तीन वेळा वापरला आहे आणि तिन्ही वेळा त्यात थोडा तिरस्कार आहे. तो आधी सोडावा अशी माझी विनंती आहे. कादंबरी लिहिणाऱ्याला कागद आणि वेळ पुरतो. पटकथा मात्र दुसऱ्याच्या पैशाशिवाय आणि शेकडो माणसांच्या श्रमाशिवाय पूर्णच होत नाही. ती स्वतः कलाकृती नसून कलाकृती घडवण्याची योजना आहे, आणि त्या योजनेवर जो आपली पुंजी लावतो त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. त्याची उत्तरे चुकीची असू शकतात, तुमच्या बाबतीत पाचपैकी तीन उत्तरे मला चुकीची वाटतात, पण त्यामागचे प्रश्न बहुतेक खरे आहेत. निर्माता लेखक नसतो. त्याला कुठेतरी खटकते, ते का खटकते हे त्याला नेमके सांगता येत नाही, म्हणून तो हाताशी असलेला तयार उपाय सांगून मोकळा होतो.

अशा मागण्या समोर आल्या की मी त्यांची दोन ढिगांत विभागणी करतो. काही मागण्या खर्चाच्या असतात आणि काही भीतीच्या. खर्चाची मागणी लेखकाने आनंदाने, स्वतःच्या हाताने आणि शक्यतो कुणी मागण्यापूर्वीच पूर्ण करावी. भीतीची मागणी जशीच्या तशी मान्य करू नये आणि जशीच्या तशी नाकारूही नये. ती भीती कशाची आहे हे शोधून तिला उत्तर देणारा प्रसंग लिहून दाखवावा.

तुमच्या यादीत शुद्ध खर्चाची मागणी एकच आहे, पानांची. तिचा हिशेब समजून घ्या, कारण तो समजला की राग येत नाही. पटकथेच्या रूढ मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट धरतात. चित्रीकरणाचे वेळापत्रक आखणारा माणूस तुमचे प्रत्येक पान आठ भागांत मोजतो, प्रत्येक प्रसंगापुढे ‘तीन अष्टमांश’, ‘एक पान दोन अष्टमांश’ असे माप लिहितो, आणि मग तो प्रसंग दिवसाचा की रात्रीचा, आतला की बाहेरचा, त्यात किती माणसे, किती सामान, हे वेगवेगळ्या रकान्यांत टाकतो. बेताच्या खर्चाच्या चित्रपटात दिवसाला चार पाने उरकली तर दिवस चांगला गेला म्हणायचे. म्हणजे तुमच्या १४८ पानांना ३७ दिवस लागतील आणि ११० पानांना २८. मधल्या नऊ दिवसांत पूर्ण चमूचे वेतन, जागांची भाडी, प्रकाशयोजनेचे सामान, सगळ्यांचा प्रवास आणि जेवण असते. तुमच्या ३८ पानांची किंमत ही आहे, आणि ती निर्माता स्वतःच्या खिशातून किंवा कुणाकडून तरी उसने आणून देणार आहे.

पानांपेक्षाही महाग अशा काही गोष्टी लेखकाच्या एका शब्दात दडलेल्या असतात. तुम्ही ‘बाहेर, रात्र’ असे लिहिता तेव्हा सगळा उजेड कृत्रिम करावा लागतो, कामाचे तास कमी मिळतात आणि दुसऱ्या दिवशी माणसांना विश्रांती द्यावी लागते. ‘गर्दी’ हा एक शब्द म्हणजे कपडे, जेवण, सांभाळणारी माणसे आणि प्रत्येक वेळी सगळ्यांना पुन्हा पहिल्या जागी उभे करण्यात जाणारा वेळ. आणि एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायचे म्हटले की सामान आवरून, गाड्यांत भरून, पुन्हा मांडेपर्यंत अर्धा दिवस हातचा जातो. तुमच्या पहिल्या चाळीस पानांत अकरा जागा आणि सहा रात्रीचे बाह्य प्रसंग आहेत. त्यांतल्या किती गोष्टीला हव्या आहेत?

बाविसाव्या पानावरचा प्रसंग घ्या. रात्रीचे रेल्वे स्थानक, दोनशे माणसांची गर्दी, गाडी येते, तो माणूस उतरतो आणि ती पुलावरून त्याला पाहते. चार पाने. वाचताना चित्र डोळ्यांसमोर येते, तुम्ही ते प्रेमाने लिहिले आहे हेही जाणवते. पण या चार पानांत तिच्या बाबतीत घडते काय? ती त्याला पाहते आणि घाबरते. तो तिला पाहत नाही, दोघांत अंतर आहे, ती काही करत नाही आणि तिला काही करावे लागतही नाही. सगळ्या चित्रपटातल्या सर्वांत महाग चार पानांत नायिका फक्त बघ्याची भूमिका करते.

आता हाच क्षण तिच्या कचेरीत आणून पाहा. तुमच्या सारांशात एके ठिकाणी ओझरते आले आहे, की गेली काही वर्षे ती नक्कल विभागात बसते आणि लोकांना खटल्याच्या कागदांच्या प्रमाणित प्रती देते. मग तो माणूस तिच्या खिडकीवर येऊ द्या. दुपारची वेळ, रांगेत तीन-चार माणसे. खिडकीच्या फटीतून एक अर्ज आत येतो. ती सवयीने आधी खटल्याचा क्रमांक वाचते, आणि नाव वाचण्यापूर्वीच तिला समजते. वर पाहण्याचे धाडस होत नाही, म्हणून आपल्यालाही आधी त्याचे फक्त हात दिसतात. तिला विचारावेच लागते, ‘कोणत्या कागदाची नक्कल हवी?’ तो म्हणतो, ‘साक्षीदार क्रमांक चारची साक्ष.’ अर्जावर सही राहिली आहे, त्याच्याकडे पेन नाही, ती आपले पेन पुढे करते. तो सही करतो, पेन परत देतो, आभार मानतो. ‘आठ दिवसांनी या,’ ती सांगते आणि शिक्का मारते.

यात एक खोली, एक खिडकी आणि दिवसाचा उजेड आहे. खर्च जवळजवळ काही नाही. पण आता तिला आठ दिवसांत स्वतःच्या चुकीची प्रत स्वतःच्या हाताने तयार करायची आहे, आणि त्या प्रतीखाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून सही करायची आहे. स्थानकावरच्या चार पानांनी गोष्ट जागची हलली नव्हती. खिडकीवरच्या चार पानांनी तिला मुदत मिळाली, कृती मिळाली आणि सुटकेची वाट बंद झाली. खर्चाच्या मागणीला मी आनंदाने सामोरे जायला सांगतो ते यासाठी. पैसे कमी असले की लेखकाला पात्रे एकमेकांच्या समोर आणावी लागतात, आणि नाट्य तिथेच असते.

एक जुने उदाहरण यासाठी मला फार उपयोगी वाटते. १९५० साली आलेल्या, जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या ‘राशोमोन’ची मूळ पटकथा शिनोबू हाशिमोतो या तेव्हाच्या नवख्या लेखकाने जपानी कथाकार अकुतागावांच्या एका कथेवरून लिहिली होती, आणि पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी ती आखूड होती. लांबीची गरज म्हटली तर सर्वस्वी व्यावहारिक. ती भागवण्यासाठी अकुतागावांचीच दुसरी एक कथा तिला जोडली गेली आणि पावसात मोडक्या वेशीखाली थांबलेल्या माणसांची चौकट तयार झाली, जिच्याशिवाय तो चित्रपट आज आपल्याला कल्पनेतही आणता येत नाही. त्यात बोलणारी पात्रे आठ आणि जागा मुख्यतः तीन: वेस, जंगल आणि न्यायासनासमोरचे अंगण. वेशीचा देखावा मात्र इतका प्रचंड बांधला गेला, की पुरे छप्पर चढवले असते तर खांबांना भार पेलला नसता. म्हणून ते अर्धे कोसळलेले दाखवले. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला सुवर्णसिंह हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मला यातले प्रमाण शिकण्यासारखे वाटते: सगळीकडे थोडा थोडा खर्च न पसरता जागा मोजक्या ठेवल्या आणि जिथे गोष्ट उभी राहते तिथे हात आखडता घेतला नाही. तुमच्या चित्रपटाची वेस म्हणजे तो नक्कल विभाग आहे. तिथली कपाटे, बांधलेले गठ्ठे, खिडकीचा गज यांवर निर्मात्याने पैसे खर्च करावेत असा आग्रह तुम्ही धरू शकता, कारण बाकी ठिकाणी तुम्ही ते वाचवून दिलेले असतील.

आता भीतीच्या मागण्या, आणि त्यांतली सर्वांत मोठी, वयाची.

साधे गणित करा. घटना २२ वर्षांपूर्वीची आहे. नायिका ३२ वर्षांची केली तर त्या वेळी ती दहा वर्षांची होती. हे निर्मात्यालाही दिसले आहे, म्हणूनच घटना पाच वर्षांपूर्वीची करा असे त्याने सुचवले आहे. इथे मात्र तुम्ही ठाम राहावे असे मला वाटते, आणि कशासाठी ठाम राहायचे हे स्वतःला स्पष्ट असू द्यावे. ५६ या आकड्यात तुमच्या गोष्टीच्या तीन गाठी आहेत. त्या माणसाची २२ वर्षे गेली आहेत, म्हणजे त्याचे तारुण्य संपले आहे आणि कोणत्याही माफीने ते परत येणार नाही. तिनेही २२ वर्षे हे मनात ठेवून संसार केला, मुलीला वाढवले, बढती घेतली. आणि निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना खरे बोलल्यास नोकरी, निवृत्तिवेतन आणि नाव हे सगळे पणाला लागते. वय ३२ केले की तिन्ही गाठी सुटतात. पाच वर्षांपूर्वीची चूक ही चूकच राहते. २२ वर्षे झाकलेली चूक माणसाचा स्वभाव बनलेली असते, आणि तुमची गोष्ट त्या स्वभावाविषयी आहे.

परंतु ‘माझी गोष्ट बिघडेल’ हे उत्तर बैठकीत चालणार नाही, कारण त्यात समोरच्याच्या भीतीला उत्तर नाही. त्याची भीती अशी आहे: या चित्रपटासाठी तिकीट कोण काढणार आणि मी वितरकाला कोणता चेहरा दाखवणार? त्याला सांगा, की पन्नाशी ओलांडलेल्या, नावाजलेल्या अभिनेत्रींना आई, सासू आणि न्यायाधीश यांपलीकडच्या भूमिका क्वचितच येतात; सबंध चित्रपट जिच्या चेहऱ्यावर उभा आहे अशी भूमिका समोर आली तर त्यांतली एखादी आपले नेहमीचे मानधन बाजूला ठेवूनही विचार करू शकते. तसे झाले तर ५६ हे वय अडचण राहत नाही, तोच चित्रपटाचा सर्वांत विकाऊ भाग ठरतो. ‘विकाऊ’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरत आहे. तो उच्चारताना लेखकाने संकोचू नये.

त्याच बैठकीत त्याला एक वाक्यही द्या. निर्माता तुमची पटकथा पुढे दहा ठिकाणी नेणार आहे आणि तिथे कुणीही १४८ पाने वाचणार नाही. त्याला उभ्या उभ्या सांगता येईल असे एक वाक्य हवे असते, आणि ते नसले की तो घाबरून प्रेमप्रकरण आणि मारामारी मागू लागतो. तुमच्या पत्रात हे वाक्य नाही. तुम्ही ‘अपराधभावाचा शोध’ असे लिहिले आहे, आणि ते परीक्षणात शोभेल. माझ्या मते ते वाक्य असे असू शकते: ज्याला आपल्या चुकीने तुरुंगात जावे लागले, त्यालाच त्या चुकीची ‘खरी नक्कल’ करून देण्याची वेळ एका स्त्रीवर येते. तुम्ही याहून चांगले लिहाल. पण ते बैठकीपूर्वी तयार हवे.

प्रेमप्रकरणाची मागणी वरवर हास्यास्पद वाटेल, तशी ती नाही. तुमच्या चाळीस पानांत नायिकेचे मनोगत आवाजाच्या रूपाने नऊ ठिकाणी येते. नऊ! याचा अर्थ तिच्या मनात काय चालले आहे हे दाखवण्याची दुसरी सोय तुम्हाला सापडलेली नाही, कारण तिच्याभोवती बोलण्यासारखे कुणी नाही. निर्मात्याला हेच जाणवले आहे. त्याने ‘तिला माणूस द्या’ म्हणण्याऐवजी ‘तिला प्रियकर द्या’ असे म्हटले. वकील नको. पण तिच्या शेजारच्या टेबलावर नव्याने रुजू झालेली, तिशीच्या आतली एक मुलगी बसवता येईल का, याचा विचार करा. प्रमाणित प्रत देण्यापूर्वी ती मुळाशी ताडून पाहतात. एकजण मूळ कागद मोठ्याने वाचतो आणि दुसरा प्रतीवर नजर ठेवतो. ती मुलगी शिकाऊ आहे, त्यामुळे वाचण्याचे काम तिचे. ती संथपणे, एकेक शब्द उच्चारत ती साक्ष वाचते आहे. ‘तोच होता’ या शब्दांशी येते आणि थांबते, कारण पद्धत अशी आहे की समोरच्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच पुढे जायचे. आणि तुमच्या नायिकेला ‘बरोबर’ म्हणावे लागते.

हा प्रसंग लिहिलात तर नऊपैकी निदान सात मनोगते आपोआप गळून पडतील, पाने कमी होतील, निर्मात्याला हवा तो तरुण चेहरा मिळेल, आणि तो चेहरा शोभेसाठी नसेल. पुढे याच मुलीला काहीतरी संशय येऊ द्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. माझ्या मनात ते आले, पण ते लिहिण्याचा हक्क माझा नाही.

सुडाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. त्याला ताण हवा आहे आणि सूड हे ताणाचे सर्वांत ओळखीचे रूप आहे. आठ दिवसांची मुदत आली, रोज एक दिवस कमी होत गेला आणि तो माणूस मधल्या काळात दोनदा सभ्यपणे चौकशीला आला, की ताण येतो. सुटलेला माणूस शांत असेल तर तो अधिक भीतिदायक वाटतो. हल्ल्याचा प्रसंग लिहू नका, आणि का लिहिला नाही याचे उत्तर म्हणून चौकशीचे ते दोन प्रसंग दाखवा.

शेवटाविषयी मात्र मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. तुमच्या सारांशानुसार ती कबुलीजबाब टंकलिखित करते, फाडते, तो माणूस गाव सोडून जातो आणि ती खिडकीशी बसून राहते. तुम्ही याला वास्तववादी म्हणता. मला तो अपुरा वाटला. दुःखाचा शेवट प्रेक्षक स्वीकारतात, कित्येक दुःखान्त चित्रपट लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेतले आहेत. पण दीड-दोन तास ज्या निर्णयाची वाट पाहायला लावली तो निर्णय झालाच नाही, की त्यांना फसवल्यासारखे वाटते. निर्मात्याला या अपुरेपणाची भीती वाटली आहे आणि त्यावर ‘आनंदाचा शेवट’ हे नेहमीचे औषध त्याने लिहून दिले आहे.

ते औषध बाहेरून चिकटवले की काय होते, याचा एक प्रामाणिक नमुना १९२४ सालच्या ‘द लास्ट लाफ’ या जर्मन मूकपटात आहे. दिग्दर्शक मुर्नाऊ, लेखक कार्ल मायर. मोठ्या हॉटेलच्या दारावरच्या रुबाबदार म्हाताऱ्या दरवानाला गणवेश काढून घेऊन स्वच्छतागृहात कामाला पाठवतात, आणि गोष्ट तिथेच संपायला हवी अशा जागी येते. या चित्रपटात मजकुराच्या पाट्या जवळजवळ नाहीतच. तरी इथे एक पाटी येते आणि सांगते, की खऱ्या आयुष्यात या माणसाच्या वाट्याला आता मरणच उरले असते, पण लेखकाला त्याची दया आली. मग त्याला अचानक वारसाहक्काने संपत्ती मिळते. तो शेवट पाहताना आपण हसतो, आणि तरी मनात राहतो तो स्वच्छतागृहातला म्हातारा. तुमच्या गोष्टीला असा शेवट जोडला तर तुम्हाला अशी पाटी लावण्याचीही सोय नसेल.

म्हणून निर्मात्याशी ‘सुखान्त की दुःखान्त’ हा वाद घालू नका. तिला काहीतरी करू द्या, जे परत घेता येणार नाही. ती त्या प्रतीखाली सही करते की करत नाही, एवढा एकच प्रश्न शेवटच्या दहा पानांसाठी पुरेसा आहे. दोहोंपैकी काहीही झाले तरी प्रेक्षक समाधानाने उठेल, कारण त्याला उत्तर मिळालेले असेल.

तुम्ही विचारले आहे, की कुठे थांबावे. माझ्या सुरुवातीच्या काळात एका निर्मात्याने माझ्या पटकथेत वेळोवेळी बदल सुचवले आणि मी एकेक मान्य करत गेलो. एकही बदल मोठा नव्हता. भाऊ काढा, गाव बदला, वडिलांना जिवंत ठेवा, असे. प्रत्येकाला मी ‘एवढ्याने काय होते’ असे म्हटले. नवव्या मसुद्याच्या वाचनानंतर खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही आणि मग त्याच निर्मात्याने मला विचारले, ‘पहिल्या वेळी मला यातले जे आवडले होते, ते कुठे गेले?’ ते कुठे गेले हे मलाही सांगता आले नाही, कारण ते काय होते हे मी कधी लिहूनच ठेवले नव्हते. चित्रपट झाला नाही. बदलांना नकार न दिल्याची मला तेवढी खंत नाही, जेवढी ते न मोजल्याची आहे.

तेव्हा आजच एक कागद घ्या आणि त्यावर चार ओळींत लिहा, की या गोष्टीतून काय काढले असता ती दुसरीच गोष्ट होईल. माझ्या मते त्यात तिचे वय येईल, चूक कळूनही ती गप्प राहिली हे येईल आणि तो माणूस निरपराध आहे हे येईल. स्थानक येणार नाही, तिची मनोगते येणार नाहीत, शहर येणार नाही. चारांपेक्षा जास्त ओळी झाल्या तर तुम्ही हट्टाच्या गोष्टी त्यात घातल्या आहेत असे समजा. हा कागद निर्मात्यालाही दाखवा. पहिल्या वाचनात त्याला काय आवडले होते ते त्याच्याकडूनही विचारून घ्या आणि त्याच कागदावर, त्याच्या शब्दांत, लिहून ठेवा. पुढच्या मसुद्यांत मतभेद होतील तेव्हा तुम्हा दोघांनाही त्याचा आधार होईल.

व्यवहाराचे दोन शब्द. तोंडी होकारावर पुनर्लेखन सुरू करू नका. करारात किती मसुदे द्यायचे ते आकड्यात असावे, प्रत्येक टप्प्याचे पैसे तो टप्पा देताना मिळावेत, श्रेयनामावलीत तुमचे नाव कसे येईल ते लिहिलेले असावे, आणि ठरलेल्या मुदतीत चित्रपट सुरू झाला नाही तर हक्क तुमच्याकडे परत यावेत. कायद्याने कल्पनेला संरक्षण नसते, लिहिलेल्या मांडणीला असते, म्हणून प्रत्येक मसुद्यावर तारीख घाला आणि बैठकीत ठरलेले मुद्दे त्याच दिवशी मेलने कळवा. ज्याचा हेतू चांगला आहे असा निर्माता यांपैकी कशावरही रागावत नाही.

सगळी पटकथा पंधरा दिवसांत पुन्हा लिहिण्याच्या फंदात पडू नका. खिडकीवरचा अर्ज आणि साक्ष ताडून पाहण्याचा प्रसंग, एवढे दोनच लिहा. मिळून सात-आठ पाने होतील. बैठकीत पाच मागण्यांवर चर्चा सुरू होण्यापूर्वी ही पाने त्याच्या हातात द्या आणि तो वाचत असताना काही बोलू नका.